दोन चॅनेल, तीन डबे ज्वारी

त्या काळी अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात गिटार वाजवणारा मी एकटा होतो. आता कोणी म्हणेल, खामगावात एक होता, मलकापुरात रेल्वेतला एक होता. असतील. ते गिटार बाळगणारे होते, वाजवणारा मीच. मांडीवर गिटार आडवी घेऊन तारांवरून लोखंडी कांडी सरकवली, की जळगाव जामोदच्या बाजारातल्या म्हशी उभ्या जागी पान्हा सोडत, आणि वर सातपुड्यातली अस्वलं मोहाची फुलं तोंडात तशीच धरून थांबत. हे मी म्हणत नाही, लोक म्हणत. लोकांना कोणी सांगितलं, तो भाग वेगळा.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गावात वीज येऊन स्थिरावली होती आणि विजेच्या मागोमाग आमचा ऑर्केस्ट्रा आला होता. ऑर्केस्ट्रा म्हणजे एक पेटी, एक ढोलकी, गाणारी बाई मिळत नाही म्हणून बाईच्या आवाजात गाणारे एक मिशाळ मास्तर, आणि मी. मालक मात्र आमच्यापैकी कोणी नव्हता. मालक होता माझा शाळेपासूनचा दोस्त, रेडिओ मेकॅनिक, कारण भोंगा त्याचा होता. ज्याचा भोंगा त्याचा ऑर्केस्ट्रा, हा आमच्याकडचा कायदा.

मेकॅनिकचं दुकान यष्टी स्टँडसमोर. नागपुरात राहून तो रेडिओचं काम शिकून आला होता, आणि त्याचा हात असा होता की मेलेला रेडिओ त्याच्या टेबलावर ठेवला तर भीतीनंच बोलू लागे. पण भोंग्यापुढे माझ्या गिटारीची दशा वाईट होई. माइक गिटारीला लावला की ढोलकीच जास्त ऐकू येई, आणि पिकअप, म्हणजे तारांखालची चुंबकाची पट्टी, बसवून थेट भोंग्याला जोडली तर पत्र्याच्या डब्यात कोंबडी कोंडल्यासारखी. मी तीन वर्षं त्याच्या मागे लागलो होतो, "गिटारचं वेगळं मशीन बनव बे." तीन वर्षं तो म्हणत होता, "पाहू."

मग आमच्या पोस्टात एक नवा क्लार्क बदलून आला, आणि तीन वर्षांचं 'पाहू' तीन आठवड्यांत संपलं.

हा क्लार्क नागपूरचा. सडपातळ, सावळा, कमी बोलणारा. त्याच्याकडेही गिटार होती, पण ती तो छातीशी धरून उभ्यानं वाजवी. उभ्यानं. माणूस उभ्यानं काय काय करतो ते मला ठाऊक होतं, पण संगीत? पहिल्या दिवशी तो मेकॅनिकच्या दुकानात आला, मला लवून नमस्कार केला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचं नाव नागपुरापर्यंत ऐकून राहिलो होतो." माझं नाव नांदुऱ्यापर्यंतही गेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आणि जो माणूस इतकं गोड खोटं बोलतो तो धोक्याचा, हेही. कारण तो माझाच धंदा होता.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर मेकॅनिक त्याच्या गिटारीला पिकअप बसवत होता. जुन्या टेलिफोनमधली लोहचुंबकं आणि जळालेल्या पंख्याची तार घेऊन, चार बोटांएवढी ती पट्टी तो असा गुंडाळत होता जसं बाळाला दुपटं. माझ्या गिटारीला त्यानं पिकअप बसवली होती ती वर्षभर तोंड वेंगाडल्यावर, आणि तीही एक पाय सायकलवर ठेवून. माझ्या पोटात त्या दिवशी जे दुखू लागलं त्यावर ओव्याचा अर्क, सोडा, हिंग, कशाचाच उपाय चालला नाही.

आणि मग तो अ‍ॅम्प्लिफायर.

खरं सांगतो, मशीन देखणं होतं. त्याचा सांगाडा रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून केलेला. ट्रान्सफॉर्मर मेकॅनिकनं स्वतः गुंडाळलेला, एक एक वेढा मोजून. मोजताना मधे कोणी बोललं तर तो पहिल्यापासून मोजी, म्हणून पंधरा दिवस त्याच्या दुकानात गावाची वाचा बसली होती. पेटी चहाच्या खोक्याची, आतून अजून चहाचा वास येणारी. स्पीकर फिरत्या टॉकीजच्या मोडीतला, परातीएवढा. समोर ताणून बसवलेलं कापड त्याच्या बायकोच्या निळ्या लुगड्याचं. आणि मागच्या बाजूनं डोकावलं की ओळीनं सहा वॉल्व्ह, काचेचे, एकेकात नारिंगी निखारा. चालू केल्यावर ते गरम व्हायला मिनिटभर लागे, आणि त्या मिनिटात माणसं भूल दिल्यासारखी गप्प उभी राहत.

पुढच्या बाजूला सहा बटणं, सहाही वेगवेगळ्या रेडिओंची. त्यांच्या खाली गिटारची वायर खोचायला दोन भोकं. मी विचारलं, "दोन कायले?"

"दोन चॅनेल हायेत," मेकॅनिक म्हणाला. "दोन गिटारी, एक मशीन. ह्या पयल्या चॅनलात थरथराट हाये." त्यानं एक पांढरं बटण फिरवून दाखवलं. "हे फिरवलं का सूर लाटेवानी हालते. दुसरं चॅनल सादं. साथीचं."

"मंग थरथराट कोणाले?"

त्यानं हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. "आयकून ठरवू. शनवारी खामगावच्या गाडीच्या टायमाले ट्रायल घेऊ. जो पयल्या चॅनलात जमन, तो धामणगाव बढ्याले पुढं बसन. दुसरा मांगं."

धामणगाव बढ्याचा कार्यक्रम पंधरा दिवसांवर होता. तिथले व्यापारी हौशी. त्यांनी मांडव घातला की पंचक्रोशी लोटे. तिथं पुढं बसणं म्हणजे काय हे आज कोणाला समजायचं नाही. तिथं मागं बसणं म्हणजे काय, ते मात्र मला त्याच क्षणी समजलं. तीन वर्षं मी मागितलेलं मशीन माझ्या दोस्तानं बनवलं होतं, आणि त्याच्या दोन भोकांपैकी माझं कोणतं हे एका पोस्टवाल्याच्या बोटांवर ठरणार होतं.

शनिवार का, तेही सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. एक तर शनिवारी पोस्ट अर्धा दिवस. आणि दुसरं म्हणजे शनिवारी गिरणी बंद. आमच्या भागात गिरणी आणि यष्टी स्टँड एकाच लाईनवर होते. गिरणीचा पट्टा चढला की स्टँडवरचे दिवे हळदीसारखे पिवळे पडत, मेकॅनिकच्या टेबलावरचे रेडिओ कण्हत आणि हॉटेलातला पंखा मोजून घ्यावा इतका सावकाश फिरे. शनिवारी मात्र गिरणीवाला काका पट्टा उतरवून दगडांना टाकी लावत बसे, म्हणजे छिन्नी-हातोड्यानं दगडांच्या खाचा पुन्हा खोल करी. त्या दिवशी लाईन भरलेली. मेकॅनिकनं मुद्दाम सकाळीच मीटर लावून विजेचा दाब पाहिला आणि मांडी थोपटून म्हणाला, "आज दाब पुरा हाये. मशीनले काई बहाना नाई."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात जो विचार आला तो देवानं घातला असं मी बरीच वर्षं समजत होतो.

पोस्टवाला वाजवत असताना जर गिरणी चालली, तर मशीनला दाब मिळणार नाही. त्याची गिटार कण्हेल, खोकेल, मान टाकेल. तो उठला की गिरणी बंद, आणि मग भरल्या लाईनवर मी. गाव कानानं ऐकेल आणि मेकॅनिक आपल्या तोंडानं म्हणेल, पयलं चॅनल तुह्यं.

पण टाकीच्या दिवशी काका पट्टा चढवणार कसा? कलेक्टर स्वतः दळण घेऊन आला असता तरी त्यानं त्याला सोमवारी बोलावलं असतं. मी घरी आलो. आई मळ्यात वांगी तोडायला गेली होती. कणगीतून तीन डबे ज्वारी काढली, सायकलवर लादली आणि गिरणीत गेलो. काका पायात दगड धरून टकटक करत होता, भुवयांवर पीठ, त्यावर दगडाचा भुगा.

"आज नाई," मान वर न करता काका म्हणाला.

"काका, लग्नाचं दळण हाये."

टकटक थांबली. आमच्याकडे रीत अशी, की लग्नाच्या दळणाला गिरणीवाल्यानं नाही म्हणू नये. अमावस्या असो, सुतक असो, टाकी असो. नाही म्हटलं तर दगड फुटतो असं समजतात.

"कोणाचं लग्न?"

घरात मी एकटाच बिनलग्नाचा होतो, गाईची कालवड सोडली तर. "माह्यंच," मी म्हणालो.

"हाव का? कुठली पोरगी?"

"पिंपळगाव राजाची." हे गाव तोंडात का आलं, देव जाणे. लांब होतं म्हणून असेल.

काका उठला, हात झटकले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पाठीवर पांढरा पंजा उमटला. "पण पाय बापू, टाकीवरचं पयलं पीठ कचकचते. दगडाची खर येते त्याच्यात. लग्नाच्या भाकरीत लोकं दात मोडतीन."

"मोडू द्या," मी म्हणालो. "मुहूर्त हाये आजचा. खामगावची गाडी स्टँडावून सुटली, का तवाच पट्टा चढवा. मांगं नाई, पुढं नाई."

"बामनानं गाडीचा मुहूर्त देला?"

"नव्या जमान्याचा बामन हाये."

तीन डब्यांना अर्धा तास लागे, हे मला पाठ होतं. अर्धा तास त्याचा, नंतरचा माझा. मी शीळ घालत दुकानात आलो.

दुकानापुढे जमलेल्या गर्दीबद्दल मी अनेकदा सांगितलं आहे की ती दोन हजारांची होती. चाळीसेक माणसं होती. पण चाळीस माणसं दोन हजारांसारखी उभी होती, याला साक्षीदार आहेत. मशीन फळीवर ठेवलेलं. कोणी म्हणालं, नारळ फोडा. मेकॅनिक बौद्ध, त्याच्याकडे ती रीत नव्हती. तो म्हणाला, "नारयल नोको. मांगून हात लावून पाहा, ट्रान्सफॉर्मर जास्त गरम तं नाई ना, तेवढं सांगा." तीच त्याची पूजा.

पहिलं कोण, असा प्रश्न निघताच मी मोठ्या मनानं पुढे झालो. "पावण्याचा मान पयला," मी म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. मिशाळ मास्तर तर गहिवरले. "पाहा," ते म्हणाले, "याले म्हंते कलाकार." पोस्टवाल्यानं माझ्याकडे पाहून पुन्हा तो लवून नमस्कार केला. मी तो हसून घेतला.

त्यानं वायर पहिल्या भोकात खोचली. तिकडे खामगावच्या गाडीनं भोंगा दिला, धुरळा उडवला आणि निघाली. मी मशीनवरच्या छोट्या लाल दिव्याकडे डोळे लावून उभा. पाच सेकंद. दहा. आणि मग तो दिवा, डाळिंबाच्या दाण्यासारखा टपोरा होता तो, हळूहळू सुकलेल्या मिरचीच्या रंगावर आला. भर दुपारी एवढ्याशा दिव्याचं तेज उतरलेलं कोणाला दिसणार? ज्याला दिसायला हवं होतं त्याला दिसलं. गिरणी चालू झाली होती.

पोस्टवाल्यानं तार छेडली.

आता मी जे सांगणार आहे ते मी आयुष्यात फार थोड्यांना सांगितलं, कारण त्यात मी एक शब्दही वाढवलेला नाही.

मशीन कण्हलं नाही, खोकलं नाही. सूर निघाला तो आधी लाजल्यासारखा किंचित आत गेला आणि मग फुगत फुगत बाहेर आला, चुलीवरच्या भाकरीसारखा. त्यानं हळू छेडलं तर सूर कानाशी येऊन बोलू लागला. त्यानं जोरात छेडलं तर फाटला नाही, गळा भरून यावा तसा दाटला आणि दाटल्या गळ्यानं गात राहिला. एक सूर लावून त्यानं बोट हलवलं, आणि तो सूर संपेचना. समोरच्या हॉटेलवाल्यानं कपात चहा ओतायला घेतला होता, तो बशीतून, टेबलावरून, गिऱ्हाइकाच्या धोतरावर गेला, आणि गिऱ्हाईक ओरडलं नाही. मेकॅनिक स्वतःच्या मशीनकडे असा पाहत होता जसं त्याला ते कोणी दुसऱ्यानं बनवून दिलं असावं.

माझं काय झालं विचाराल तर मला त्या लाल दिव्याचा राग आला. मग काकाचा आला. मग आईनं पेरलेल्या ज्वारीचा आला. आणि त्या सगळ्या रागाच्या तळाशी, विहिरीच्या तळाशी बेडूक बसावा तसा, एक विचार डोळे मिचकावत बसला होता, की हा आवाज मला पाहिजे. ते मशीन, तो सूर, मेकॅनिकच्या तोंडावरचा तो भाव, सगळंच. हा माणूस कालपरवा आला. मी या मेकॅनिकबरोबर चौथीत नापास झालो आहे.

पंचवीस मिनिटं त्यानं वाजवलं. मग वायर काढली, बोटं पुसली आणि म्हणाला, "भाऊ, या."

मी खुर्चीत बसलो, गिटार मांडीवर घेतली. लाल दिवा पुन्हा डाळिंब झाला. दळण संपलं होतं. काकानं ठरल्या वेळी पट्टा उतरवला होता. माझं नियोजन इतकं चोख निघालं की सरकारनं धरणाच्या कामावर मला घ्यायला हवं होतं.

मी कांडी ठेवून पहिला सूर काढला, आणि दुकानातले सगळे पत्र्याचे डबे एकदम ओरडले. भरल्या दाबावर ते मशीन म्हणजे चाबूक होतं. सूर काचेवर खिळा ओढल्यासारखा निघाला. मागून ट्रान्सफॉर्मरची गुणगुण अशी येई, जसं पेटीत गांधीलमाश्यांचं मोहोळ आहे आणि ते माझ्यावर नाराज आहे. मी थरथराटाचं बटण फिरवलं तर शेळीच शेळी झाली. जो सूर लांबवायला जावं तो तुटक. जो हळू घ्यावा तो ऐकूच येईना. मी घामाघूम होऊन चांगली दहा मिनिटं झुंजलो. शेवटी मिशाळ मास्तर शेजारच्याला म्हणाले, तेही हळू नाही, "याचा हात आज जड हाये काय?"

"जडच हाये तो," शेजारचा म्हणाला. "आज समजलं."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गिरणीवाला काका आला. कपाळावर हळदीकुंकू, एका हातात फोडलेला नारळ, खांद्यावर माझ्या पिठाचा डबा. त्यानं डबा माझ्या पायाशी ठेवला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि चाळीस माणसांना ऐकू जाईल असा म्हणाला, "घे नवरदेवा. गिरनीची पूजा केली, मंग तुह्यं दळण टाकलं. पीठ गरम हाये, झाकण लावू नोको."

"नवरदेव?" मास्तर म्हणाले.

"तं काय. लग्नाचं दळण हाये याच्या. पिंपळगाव राजाची पोरगी. तुमाले सांगतलं नाई यानं?"

लोक हसले, पाठ थोपटू लागले, पोरगी कोणाची म्हणून विचारू लागले. पोस्टवाला तर पुढे येऊन दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, अभिनंदन." आणि तो मनापासून म्हणाला, हेच सगळ्यात वाईट. हसला नाही फक्त मेकॅनिक. तो एकदा लाल दिव्याकडे पाहत होता, एकदा पिठाच्या डब्याकडे.

"काका," तो म्हणाला, "गिरनी कवा चालू केली?"

"खामगावची गाडी सुटली तवा. यानंच मुहूर्त देल्ता."

"आन् बंद?"

"झाले ना दहा-पंधरा मिनिटं."

मेकॅनिक माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी खोबरं चावत होतो.

"तू गिरनी चालू करून माह्यं मशीन पाडाले गेल्ता," तो हळू म्हणाला.

मी पिठाच्या डब्याचं झाकण उगाच लावलं, पुन्हा काढलं.

"पयलं चॅनल पाह्यजे होतं तं मले सांगाचं ना बे."

"सांगतलं असतं तं देल्लं असतं काय?"

"नाई," तो म्हणाला. "पण सांगा लागते."

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. आठ दिवसांत मीच त्याला मारलं असं मी गावभर सांगितलं असतं. पण त्याचं डोकं केव्हाच माझ्यावरून उडून मशीनमध्ये गेलं होतं. त्यानं टेबलाखालून लाकडाची पाटी काढली. प्रत्येक रेडिओ दुकानात ती असते: बिघडलेला सेट थेट लाईनवर लावत नाहीत, मधे एक बल्ब लावतात, म्हणजे काही गडबड असली तर बल्ब पेटतो, सेट वाचतो. त्या बल्बमधून वीज घेतली की पुढे दाब कमी मिळतो. त्यानं मशीन त्या पाटीवर लावलं. लाल दिवा मिरची झाला. त्यानं पोस्टवाल्याची गिटार जोडून तिची तार नुसती बोटानं छेडली, आणि तोच दाटल्या गळ्याचा सूर दुकानभर पसरला.

"मशीनले भूक पाह्यजे थोडी," तो स्वतःशीच म्हणाला. "पोट भरलं का वरडते." मग माझ्याकडे वळला. "तुह्या बदमाशीनं सापडलं हे. मले जन्मात सापडलं नसतं."

म्हणजे पाहा. त्या आवाजाचा शोध माझा. वॉल्व्ह त्याचे, पण उपास मी घडवला. आणि तो आवाज कोणाच्या पदरात पडला होता?

"आता दोघंई बसा पुन्ना," मेकॅनिक म्हणाला. "बल्ब लावून तू वाजव. मंग बल्ब काढून हा वाजवन. उलटं."

मला तर ही दिवाळीच होती. मी बसलो, वाजवलं. बल्बामधून माझी गिटार पहिल्यांदाच तशी वाजली जशी ती मला न्हाताना डोक्यात ऐकू येते. लोकही म्हणाले, वा. मास्तर म्हणाले, "आता बसला हात." मी दोन चिजा वाजवल्या, तिसरीलाही सुरुवात केली, तेव्हा मेकॅनिकनं खांद्यावर हात ठेवून मला उठवलं.

मग त्यानं बल्ब काढला. भरलेली लाईन, तोच चाबूक, त्याच गांधीलमाश्या. पोस्टवाल्यानं एक तार छेडली, डबे ओरडले. तो थांबला. आवाजाचं बटण त्यानं जवळपास शून्यावर आणलं. छेडायची पट्टी खिशात टाकली आणि अंगठ्याच्या मांसानं वाजवू लागला. जिथं मी सात सूर टाकले होते तिथं तो दोन टाकी, आणि मधे जागा सोडी. त्या मशीनला लांब सूर नीट येत नाही हे त्याला दोन मिनिटांत समजलं, म्हणून त्यानं लांब सूर मागितलाच नाही. वाईट मशीनवर त्यानं वाईट मशीनची गोष्ट सांगितली, आणि ती गोष्ट चांगली निघाली. हॉटेलवाल्यानं या वेळी चहा आधीच खाली ठेवला होता.

मी पुष्कळ खोटं बोललो आहे, पण माझे कान मला कधी खोटं सांगत नाहीत. तो एक दोषच आहे माझ्यात. दाब कमी असो की पुरा, तो माझ्या पुढे होता. थोडा नाही. जळगाव जामोद ते खामगाव एवढा.

हे समजलं म्हणून मत्सर गेला असं कोणाला वाटेल. तो उलट वाढला. आधी मी त्याच्या मशीनवर जळत होतो, त्याला मिळालेल्या पिकअपवर जळत होतो. आता अंगठ्यावर जळू लागलो, आणि अंगठा काही मेकॅनिककडून बनवून घेता येत नाही.

लग्नाचं म्हणाल तर आई मळ्यातून येईपर्यंत तिचं वाटेत अकरा बायकांनी अभिनंदन केलं होतं. तिनं पिंपळगाव राजाची पोरगी कोण म्हणून विचारलं नाही. कणगी उघडून पाहिली आणि जे समजायचं ते समजली. मग पुढचे पंधरा दिवस तिनं मला त्याच तीन डब्यांच्या भाकरी घातल्या, वेगळ्या थापून. घरचे बाकीचे दुसऱ्या पिठाच्या खात. मी चावताना कचकच आवाज येई तेव्हा ती म्हणे, "खाय बापू, लग्नाचं हाये."

पण त्या संध्याकाळचं राहिलं. गर्दी पांगली. काका नारळाच्या करवंट्या घेऊन गेला. दुकानात आम्ही तिघंच. मेकॅनिकनं मशीन पुन्हा बल्बाच्या पाटीवर लावलं, वॉल्व्ह गरम होईस्तोवर बिडी पेटवली, आणि मला विचारलं, "मंग? सांग आता तूच. कोण कुठं?"

तो विचारत होता खरं, पण त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पोस्टवाला खिडकीबाहेर बघत होता म्हणजे त्यालाही माहीत होतं. मी माझी वायर उचलली. दोन भोकं समोर. पहिल्यापाशी हात थोडा रेंगाळला असेल, नाही म्हणत नाही. मग दुसऱ्यात खोचली.

"थरथराट मले पटत नाई," मी म्हणालो. "शेळीवानी वाटते. माह्या हाताले साद्या चॅनलाचीच गरज हाये."

"हाव ना," मेकॅनिक म्हणाला, आणि बिडीचा धूर दुसरीकडे सोडला.

पोस्टवाल्यानं पहिल्या भोकात वायर घातली, गिटार गळ्यात अडकवली आणि माझ्याकडे वळून, त्याच त्या लवून बोलण्याच्या तऱ्हेनं म्हणाला, "भाऊ, तुम्ही मोठे. सूर तुम्ही द्या, मी त्याला लावून घेतो."

मी सूर दिला. दुसऱ्या चॅनेलमधून, नीट कांडी ठेवून, मुद्दाम केसभर चढा दिला.

त्यानं मान वाकवून ऐकला, काही न बोलता सहाही तारा त्या चढ्या सुरावर आणून ठेवल्या, आणि मग मला माझ्या सगळ्या तारा एकेक करून चढवत बसावं लागलं.